पाठीतल्या पाण्यात दादांची उदासी सापडेल का?

पत्र, थोडक्यात: माझे माहेर हर्णै बंदराजवळच्या एका वाडीत आहे. मोठा भाऊ ४४ वर्षांचा असून ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आहे. बारा-तेरा वर्षे तो रोज पीत होता. यंदा १ जूनला मासेमारी बंद झाली, बोट किनाऱ्याला लागली आणि त्याने कोणालाही न सांगता दारू एकदम सोडली. तिसऱ्या रात्री तो थरथरत होता, अंगात ताप होता, भिंतीवरून खेकडे उतरताहेत असे म्हणत काठी घेऊन उठला. इस्पितळात नेले, तेव्हा डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढून तपासले. रिपोर्ट नॉर्मल आला आणि आठ दिवसांनी घरी सोडले. आज चाळीस दिवस झाले, दारूला तो शिवलेला नाही. पण पडवीत भिंतीकडे तोंड करून बसतो, पहाटे तीनला जागा होतो, जेवणावर वासना नाही, आणि "माझ्यामुळे सगळ्यांचे वाटोळे झाले" एवढेच बोलतो. मुंबईचा चुलत भाऊ म्हणतो, पाठीतल्या पाण्यात मेंदूतली रसायने मोजता येतात. ती मुंबईत मोजून घ्या, म्हणजे हे दारूमुळे आहे की खरे डिप्रेशन आहे ते कळेल. आई म्हणते, पुन्हा पाठीत सुई घातली तर तो लुळा होईल. वहिनी म्हणते, पाणी नॉर्मल आहे, म्हणजे हे सोंग आहे. कोणाचे ऐकावे? बाबा गेले त्या वर्षी, पिणे एवढे वाढण्याआधी, दादा असाच तीन-चार महिने गप्प झाला होता. नारळी पौर्णिमेनंतर त्याला समुद्रावर पाठवावे का?

उत्तर:

ताई, घरातल्या तीन मतांपैकी सर्वांत जास्त नुकसान करू शकेल असे मत वहिनींचे आहे, म्हणून सुरुवात तिथून करते. बारा-तेरा वर्षे ज्या बाईने रोज संध्याकाळी दारातल्या पावलांचा अंदाज घेत दिवस काढले, तिला नवऱ्याच्या गप्प बसण्याचाही विश्वास वाटत नसेल, तर त्यात तिचा दोष नाही. पण तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या झेरॉक्सवरून 'सोंग' असा निष्कर्ष निघत नाही. त्या कागदावर चार गोष्टी आहेत: पाण्यातल्या पेशी, प्रथिने, साखर आणि जंतूंचा शोध. पेशी पाचाच्या आत आहेत, प्रथिने १५ ते ४५ मिलिग्रॅमच्या नेहमीच्या मर्यादेत आहेत, आणि साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश आहे. ताप आलेला, भान हरपलेला माणूस समोर आला की मेंदूच्या आवरणाला सूज तर नाही ना, क्षयाचे जंतू तर तिथे पोहोचले नाहीत ना, हे डॉक्टरांना तातडीने पाहावे लागते. त्यांनी तो प्रश्न विचारला आणि उत्तर 'नाही' असे आले. दादांच्या मनात काय चालले आहे हा प्रश्न त्या दिवशी त्या पाण्याला कोणी विचारलेलाच नव्हता. बांगड्याच्या जाळ्यात जवळा आला नाही, म्हणून समुद्रात जवळाच नाही, असे दादांपुढे कोणी म्हटले तर ते आजच्या अवस्थेतही नकारार्थी मान हलवतील.

आईंच्या भीतीचे उत्तर सोपे आहे. पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते आणि सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधे घातली जाते, जिथे फक्त पाण्यात सैल तरंगणारे मज्जातंतू असतात. जर्मन डॉक्टर हाइनरिक क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली, तेव्हापासून जगभर ती रोज वापरली जाते. नंतर काही जणांचे डोके दुखते, बसले की वाढते आणि आडवे झाले की उतरते, तेवढे खरे. लुळेपणाची भीती बाळगू नये. मात्र सुई पुन्हा नको, हा त्यांचा निर्णय मला मान्य आहे. माझे कारण निराळे आहे आणि ते सांगण्यासाठी तुमच्या चुलत भावाच्या म्हणण्याकडे नीट पाहिले पाहिजे, कारण त्यांनी वाचलेले बरेचसे खरे आहे.

मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पाण्यात तरंगतात ते मोठ्या माणसात साधारण १५० मिलिलिटर असते, आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होते. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा ते बदलते. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी ज्या रसायनांतून बोलतात, त्यांचे उरलेसुरले अंश या पाण्यात उतरतात. सेरोटोनिनसारखे मूळ रसायन तिथे जवळजवळ हाती लागत नाही. हाती लागते ती त्याची राख. चुलीतली राख पाहून किती लाकडे जळली याचा अंदाज बांधावा, तसे शास्त्रज्ञ सेरोटोनिनची राख म्हणून फाइव्ह-एचआयएए, डोपामिनची म्हणून एचव्हीए आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनची म्हणून एमएचपीजी हे पदार्थ मोजत आले आहेत. या राखेतली काही मेंदू सतत बाहेर फेकत असतो, म्हणून एके काळी संशोधक गाउट या सांध्यांच्या आजारावरचे प्रोबेनेसिड हे औषध आधी देऊन तिची वाट अडवत आणि मग ती मोजत. राख मोजण्यासाठी आधी चुलीचे तोंड लिंपावे लागत होते, यावरूनच हे मोजमाप किती आडवळणाचे आहे ते कळते.

आता दादांना तिसऱ्या रात्री काय झाले ते पाहू. दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा जोर दाबते. वर्षानुवर्षे रोज असे झाले की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेने भार टाकत जातो, म्हणजे गाबाला दाद देणे कमी करतो आणि ग्लुटामेटला दाद देणे वाढवतो. शिडात वारा भरून होडी एका बाजूला झुकली की खलाशी दुसऱ्या बाजूला उलांडीवर, म्हणजे होडीबाहेर बांधलेल्या लाकडावर, जाऊन बसतात, तसाच हा प्रकार. तो वारा एकाएकी पडला, तर उलांडीवर बसलेल्या माणसांच्याच भाराने होडी कलंडते. दारू एकदम सोडल्यावर नेमके हेच होते: वारा थांबलेला असतो आणि मेंदू मात्र अजून उलांडीवर बसलेला असतो. पहिल्या सहा-आठ तासांत हात कापू लागतात आणि घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांचे भान हरपते, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. त्या रात्री तुम्ही देवऋषाकडे न जाता इस्पितळात गेलात, यानेच दादा वाचले असे मी समजते.

या दिवसांत पाठीतल्या पाण्यात खरोखरच बदल दिसतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि त्याची राख वाढलेली असते. छाती धडधडणे, रक्तदाब चढणे, दचकणे हे सगळे त्याच्याशी जुळते. मेंदूने ताणाच्या वेळी सोडायचे सीआरएफ नावाचे संप्रेरकही वाढलेले आढळते आणि पुढे आठवड्यांगणिक ते उतरते. सेरोटोनिनच्या राखेची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. अमेरिकेत बॅलेंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुकतीच दारू थांबवलेल्या माणसांमध्ये ती जास्त दिसली, तर महिनाभर न प्यायलेल्यांमध्ये कमी दिसली. म्हणजे माणूस बाहेरून सर्वांत वाईट अवस्थेत असताना आकडा वर, आणि शांत झाल्यावर खाली. तारीख न सांगता कोणी असा आकडा तुमच्या हातात दिला, तर भरती-ओहोटी न पाहता खाडीची खोली सांगण्यासारखे ते होईल.

दुसरीकडे नैराश्याचा अभ्यास करणारेही हेच पाणी तपासत होते. स्टॉकहोममध्ये मारी ऑसबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले की नैराश्याच्या रुग्णांपैकी ज्यांच्या पाण्यात फाइव्ह-एचआयएए कमी होते, त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न अधिक वेळा केला होता. चार्ल्स नेमेरॉफ यांच्या गटाला १९८४ मध्ये नैराश्याच्या रुग्णांच्या पाण्यात सीआरएफ वाढलेले आढळले. काही अभ्यासांत गाबा कमी आढळले. पुढे फिनलंडमधल्या हिंसक गुन्हेगारांवर मार्कू लिनोइला आणि माटी विर्कुनेन यांनी केलेल्या कामावरून असेही दिसू लागले की सेरोटोनिनची राख कमी असण्याचे नाते उदासीपेक्षा, विचार न करता झटकन कृती करण्याच्या स्वभावाशी जास्त जवळचे असावे, आणि तो स्वभाव दारूच्या व्यसनातही वारंवार भेटतो.

चुलत भावाच्या वाचनातून नेमके हेच निसटले आहे. सीआरएफ दारू सोडतानाही वाढते आणि नैराश्यातही वाढते. सेरोटोनिनची राख काही आठवडे न प्यायलेल्या व्यसनी माणसातही कमी असते आणि नैराश्याच्या काही रुग्णांतही कमी असते. गाबाचेही तसेच. तुमच्या घराला उत्तर हवे आहे ते 'दारूमुळे की खरे डिप्रेशन' या प्रश्नाचे, आणि या पाण्याला सर्वांत कमी ज्याचे उत्तर देता येते तो प्रश्न नेमका हाच आहे. दोन्ही वाटा त्याच खाडीत येऊन मिळतात. शिवाय हे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. आजारी माणसांच्या आणि निरोगी माणसांच्या आकड्यांची सरमिसळ एवढी असते की एका माणसाचा एक आकडा पाहून तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. त्यातच कमरेतून काढलेले पहिले थेंब आणि नंतरचे थेंब यांत या पदार्थांचे प्रमाण निराळे असते, उंच माणसाचे आकडे आणि बुटक्या माणसाचे आकडे वेगळे येतात, सकाळी पडून राहिलेला माणूस आणि हिंडून आलेला माणूस यांतही फरक पडतो. लंडनच्या जोआना मोनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आजवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नैराश्यात सेरोटोनिन कमी असते याला सातत्याने टिकणारा पुरावा त्यांना सापडला नाही. त्यावरून 'मग गोळ्याही खोट्या' असे म्हणणारेही निघाले. ते बरोबर नाही, कारण एखादे औषध उपयोगी पडते की नाही हे रुग्णांवर पाहून ठरते आणि ते का उपयोगी पडते हा वेगळा प्रश्न आहे. लहान मुलांच्या काही दुर्मीळ, जन्मजात आजारांत पाठीतल्या पाण्यातली ही रसायने मोजण्याला निदानात खरे स्थान आहे. दादांच्या आजारात ते नाही. मुंबईला जाऊन हा खर्च करू नका.

मग उत्तर कुठे आहे? माझ्या मते ते तुमच्याच पत्रात आहे. दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात माणूस उदास असणे अगदी नेहमीचे आहे. कॅलिफोर्नियातील ब्राउन आणि शुकिट यांच्या १९८८च्या अभ्यासात उपचारांसाठी दाखल झालेल्या व्यसनी पुरुषांपैकी ४२ टक्के जण पहिल्या आठवड्यात ठळकपणे निराश होते, आणि चौथ्या आठवड्यात, पुन्हा न पिता, हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. म्हणूनच आम्ही मनोविकारतज्ज्ञ बहुतेकदा तीन-चार आठवडे थांबून पाहतो. मेंदू उलांडीवरून आपणहून आत येतो आणि उदासी त्याच्याबरोबर ओसरते. तुम्ही वीस जूनला लिहिले असते तर मीही थांबा म्हटले असते. पण आज चाळीस दिवस झाले आहेत. ज्या थोड्या जणांची उदासी दारूबरोबर जात नाही, त्यांत दादा असण्याची शक्यता आता बरीच वाढली आहे. पहाटे तीनला जाग येणे, अन्नावरची वासना जाणे आणि सगळा दोष स्वतःकडे घेणे ही नैराश्याची ओळखीची चिन्हे आहेत. आणि तुम्ही शेवटी, जाता जाता लिहावे तसे लिहिले आहे की वडील गेले त्या वर्षी, पिणे वाढण्याआधी, ते असेच तीन-चार महिने गप्प होते. दारूच्या आधी येऊन गेलेले नैराश्य हा निदानातला फार वजनदार पुरावा असतो. डॉक्टरांकडे जाताना हे वाक्य, ते वर्ष आणि तेव्हा नेमके काय काय दिसत होते, एवढे कागदावर लिहून न्या. घाईच्या ओपीडीत हेच सांगायचे राहून जाते आणि रिपोर्टांची पिशवी मात्र पूर्ण उघडली जाते.

दोन गोष्टी तपासून घ्यायला हव्यात आणि त्या पाठीत सुई न घालता तपासता येतात. मे महिन्यात किंवा त्या गडबडीच्या रात्री दादांच्या डोक्याला मार लागला होता का, हे वहिनींना विचारा. रोज पिणाऱ्या माणसाच्या कवटीखाली हळूहळू रक्त साचून तो आठवड्यांनंतर मंद, अबोल होऊ शकतो. तशी शंका असेल तर सीटी स्कॅन लगेच करावा. दुसरे, दादांची चाल डगमगते का, त्यांना एकाच्या दोन वस्तू दिसतात का, कालचे जेवण आठवते का, हे पाहा. दारूने आणि नीट न जेवल्याने ब-१ जीवनसत्त्व फार कमी झाले की मेंदूला असे नुकसान होते आणि ते वेळेत द्यावे लागते. थायरॉइड, ब-१२, यकृत आणि रक्तातले सोडियम यांच्या साध्या तपासण्या डॉक्टर स्वतःच सांगतील.

आता जे तुम्ही लिहिले नाही त्याबद्दल. "माझ्यामुळे सगळ्यांचे वाटोळे झाले" असे म्हणणाऱ्या माणसाला, तुम्ही किंवा वहिनींनी, त्यांच्या शेजारी बसून आणि आवाज न चढवता, स्पष्ट विचारावे की जीव नकोसा वाटतो का, काही करून घ्यावे असे मनात येते का. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना उलट हलके वाटते. उत्तर होकारार्थी आले, किंवा उत्तर टाळले गेले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि दादांना एकटे ठेवू नका. उत्तर काहीही येवो, हापूसच्या फवारणीची औषधे पडवीत किंवा कोठारात असतील तर ती आजच शेजाऱ्यांकडे कुलपात जाऊ द्यात. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवे असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येते आणि तो चोवीस तास चालतो.

तपासणीसाठी दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात ते फोन करून विचारा. ते जमत नसेल तर रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ते नाव ऐकून वाडीत कुजबुज होईल याची मला कल्पना आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे आणि कधी त्याहूनही जास्त लागतात, तोवर 'काही फरक नाही' म्हणून त्या बंद करू नयेत. इस्पितळातून सुटताना दिलेल्या लिब्रियमसारख्या झोप आणणाऱ्या गोळ्या उरल्या असतील, तर त्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे चालू ठेवू नका. त्यांचीही सवय लागते. आणि कोणी दारू सुटण्याची पूड चहातून चोरून द्यायला सुचवले, तर साफ नाही म्हणा. तिच्यात डायसल्फिराम हे औषध असू शकते. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, आणि ज्याला ठाऊकच नाही तो स्वतःला वाचवणार कसा?

दादा पुन्हा प्यायले, तर पुढच्या वेळी घरी एकदम सोडू देऊ नका. अशा प्रत्येक फेरीनंतर मेंदू अधिक भडक उसळण्याची शक्यता असते, आणि फिट समुद्रात आली तर जवळचा डॉक्टर काही तासांच्या अंतरावर असतो.

समुद्राबद्दल बोलायचे तर, नारळी पौर्णिमेला नारळ सोडायला ते बंदरावर गेले तर जाऊ द्यात, किंबहुना सोबत जा. पण या हंगामाच्या सुरुवातीला सुकाणू त्यांच्या हाती नको. झोप पुरती नाही, नवीन औषधांनी पहिले काही आठवडे गुंगी येऊ शकते, आणि ज्या खलाशांबरोबर बारा-तेरा वर्षे ते प्यायले तेच खलाशी त्याच डेकवर असतील. बोटीच्या मालकांशी तुम्ही किंवा वहिनींनी बोलून घ्या. ऑगस्ट आणि सप्टेंबर दादांना किनाऱ्यावरचे काम मिळाले, जाळी शिवायचे, बर्फाचा आणि डिझेलचा हिशेब ठेवायचे, तर तांडेल म्हणून त्यांचा मानही राहील आणि दर पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे जाणेही जमेल. बोटीवर कधी जायचे ते गणपतीनंतर, डॉक्टरांना विचारून, दादांनी स्वतः ठरवावे.